आधी पोटात कळ, मग शौचातून रक्त : मोठ्या आतड्याला रक्त कमी पडतं तेव्हा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी शल्यचिकित्सक आहे. वॉर्डाबाहेरच्या बाकावर रात्र काढणारे नातेवाईक मला जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. डिस्चार्जच्या कागदावर ‘इस्केमिक कोलायटिस’ असं लिहिलेलं असतं आणि घरी जाईपर्यंत त्याचं कुणी ‘आतड्याला सूज’, कुणी ‘आतड्याचा अल्सर’, तर कुणी थेट ‘आतडं सडलंय’ करून टाकतं. या तिन्हींपेक्षा खरी गोष्ट वेगळी आहे.

डॉक्टर, हा नेमका आजार तरी काय?

कालव्याखाली शेती असणाऱ्यांना हे लगेच कळतं. कालव्याला आवर्तन कमी सोडलं की मुखाजवळची शेतं भिजतात आणि टेलची, म्हणजे शेवटच्या टोकाची, शेतं कोरडी राहतात. कालवा कुठे फुटलेला नसतो, कुणी बांध घालून अडवलेला नसतो, पाणीच कमी आलेलं असतं.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. पोटाच्या उजव्या बाजूने वर चढतं, बरगड्यांखालून आडवं जातं आणि डाव्या बाजूने खाली उतरतं. त्याला दोन मुख्य रक्तवाहिन्या रक्त देतात. एक उजवी बाजू आणि आडवा भाग सांभाळते, दुसरी डावी बाजू. पोटाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, प्लीहेजवळ, आतडं खाली वळतं, तिथे या दोन्हींची शेपटं भेटतात. तसाच एक नाजूक सांधा खाली, गुदाशयाच्या जरा वर आहे. शरीरात रक्ताचा दाब उतरला की या टेलच्या भागांना आधी झळ लागते. म्हणूनच बहुतेकांचं दुखणं डाव्या बाजूला असतं.

रक्त कमी पडलं की सगळ्यात आधी आतलं नाजूक अस्तर सोलवटतं. बाहेरचा स्नायूचा थर जास्त चिवट असतो, तो बहुधा तग धरतो. रक्त परत वाहू लागलं की सोलवटलेल्या जागेतून ते पाझरतं आणि शौचात दिसतं. आतड्याचं अस्तर शरीरातल्या सगळ्यात भराभर नव्याने तयार होणाऱ्या भागांपैकी आहे, त्यामुळे नुकसान अस्तरापुरतंच असेल तर ते भरून येतं.

म्हणजे आतड्याचा हार्ट अटॅकच ना? मग अँजिओप्लास्टी करून टाका.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बहुधा मुंबई-पुण्याहून धावत आलेल्या मुलाकडून. तुलना अर्धीच बरोबर आहे. हार्ट अटॅकमध्ये एका वाहिनीत गुठळी अडकते आणि ती काढता येते. इथे बहुतेक वेळा मोठ्या वाहिन्या उघड्याच असतात. त्या दिवशी, काही तासांपुरता, बारीक वाहिन्यांमधला प्रवाह मंदावलेला असतो. पेशंट दवाखान्यात येईपर्यंत तो बहुधा पूर्ववतही झालेला असतो. उघडायला काही शिल्लकच नसतं, म्हणून स्टेंट नाही.

यावरूनच माझा पहिला प्रश्न ठरतो. ‘कुठे अडलंय’ हे मी नंतर बघतो. आधी विचारतो, ‘गेल्या दोन दिवसांत घरात काय काय झालं?’ नातेवाईकांना हा प्रश्न अवांतर वाटतो. पण निदानाचा निम्मा भाग त्याच्या उत्तरात असतो.

सुरुवात कशी होते? ओळखायचं कशावरून?

क्रम लक्षात ठेवा : आधी दुखणं, मग घाई, मग रक्त. अचानक, बहुतेकदा डाव्या ओटीपोटात मुरडा येतो. शौचाला लगेच जावंसं वाटतं, थोपवता येत नाही. मग काही तासांत, फार तर एका दिवसात, शौचाबरोबर लाल किंवा जांभळट रक्त पडतं, मळात किंवा पातळ जुलाबात मिसळलेलं. रक्त भांड्यात पुष्कळ वाटतं, पण प्रत्यक्षात फार नसतं. या आजारात रक्त चढवायची वेळ क्वचितच येते. भडाभडा रक्त जाऊन पेशंट पांढराफटक पडला, तर मी दुसरंच कारण शोधतो.

बरोबर मळमळ, पोट गच्च होणं, बारीक ताप असू शकतो. वय बहुधा साठीच्या पुढचं, आणि पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार जास्त दिसतो.

आईला मूळव्याध जुनीच आहे. हे रक्त तिचंच नसेल कशावरून?

या एका समजुतीने जितका उशीर होतो तितका दुसऱ्या कशाने होत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

मूळव्याधीचं रक्त शौचाच्या शेवटी थेंबथेंब किंवा चिळकांडीसारखं पडतं, मळावर वरून लागलेलं असतं, ताजं लालभडक असतं आणि पोट दुखत नाही. कोंब बाहेर आला असेल तर दुखतं, पण ते गुदद्वाराशी. पोटात मुरडा मारून मग मळात कालवलेलं रक्त पडत असेल, तर ते मूळव्याधीचं नाही. मूळव्याध वीस वर्षांची जुनी असली तरी नाही. एकाच माणसाला दोन आजार असू शकतात, आणि सत्तरीच्या बाईला बद्धकोष्ठतेमुळे नेमके हेच दोन असायची शक्यता चांगलीच आहे.

आपल्याकडच्या बायका या बाबतीत बोलत नाहीत. सून विचारते, ‘आई, काय होतंय?’ उत्तर येतं, ‘काही नाही, उष्णता झाली असेल.’ मग सब्जा, गुलकंद, ताक. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन न्हाणीघरात पडल्यावर सगळ्यांना कळतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘रक्त पडतंय का?’ असं सरळ शब्दांत विचारा. आणि रक्त दिसलं असेल तर पाणी ओतण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढा. किळस वाटेल, पण दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा तो फोटो मला जास्त सांगतो.

रक्ती आव असेल म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. चुकलं का?

आव आपल्याकडे आहेच, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. आवेत शेम पडते, कुंथायला होतं, ताप जास्त असतो, बहुधा बाहेरचं खाणं किंवा पाणी बदललेलं असतं, आणि घरात आणखी कुणाचं तरी पोट बिघडलेलं असतं. पण नुसत्या वर्णनावरून दोन्हींत फरक करणं मलाही जमत नाही, म्हणून मळाची तपासणी करतो. अमीबा, शिगेला, आणि अलीकडे प्रतिजैविकं घेतलेली असतील तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हे जंतूही बघावे लागतात.

साठीपुढच्या माणसाला अचानक दुखून रक्त पडलं, तर दुकानदाराने दिलेल्या आवेच्या गोळीवर दोन दिवस काढू नयेत. गोळी विष नाही, पण ते दोन दिवस परत मिळत नाहीत.

सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

रक्त पडतंय, पण दुखणं सोसण्यासारखं आहे, माणूस नीट बोलतोय, लघवी होतेय, तरीही त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. पुढची चिन्हं दिसली तर मात्र रात्रीचे दोन वाजले असोत, १०८ ला फोन करा : पोट लाकडासारखं कडक झालंय, हलवलं तरी कळ जाते. अंग थंड आणि घामाने ओलं आहे. नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली आहे किंवा वरचा रक्तदाब नव्वदच्या खाली आला आहे. माणूस गुंगीत आहे, असंबद्ध बोलतोय.

आणखी एक प्रकार आहे आणि तो फसवा आहे. पोटात असह्य वेदना, माणूस अक्षरशः गडाबडा लोळतोय, पण हात लावावा तर पोट मऊ. रक्तही नाही. विशेषतः हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या पेशंटमध्ये हे दिसलं, तर लहान आतड्याच्या मुख्य वाहिनीत गुठळी अडकल्याची शंका घ्यावी लागते. तो वेगळा आजार आहे आणि कितीतरी जास्त घातक. तिथे दिवसांचा हिशोब चालत नाही, तास मोजावे लागतात. तालुक्याला सीटी स्कॅन नसेल तर तिथे सलाईन लावून थांबू नका, जिल्ह्याला किंवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवा.

रक्त न पडता नुसतंच पोट दुखणं हे या आजारात बरं लक्षण नाही, उलट वाईट आहे. उजव्या बाजूचं आतडं बाधित असलं की असं होतं आणि त्या पेशंटची प्रकृती जास्त बिघडते.

तोवर घरी काय द्यावं?

शक्यतो काहीच नाही. पोट तपासून होईपर्यंत खायला देऊ नका. तोंड कोरडं पडलं तर घोटभर पाणी द्या. जुलाब थांबवायची गोळी देऊ नका. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन नको, त्याने आतडं आणि मूत्रपिंड दोन्हींना त्रास होतो. आणि ‘पोट साफ होऊ दे’ म्हणून एरंडेल तर मुळीच नको. सोलवटलेल्या आतड्याला जोराने पिळून काढल्यासारखं होतं ते.

सोबत आणा ती औषधांची पिशवी. चिठ्ठी नको, पिशवीच आणा, रिकामी पाकिटंसुद्धा.

पण झालं कशामुळे? काल तर चांगली हिंडत-फिरत होती.

आता सुरुवातीला म्हटलेल्या त्या ‘गेल्या दोन दिवसां’कडे येतो.

एक नेहमीचं चित्र सांगतो. कुण्या एका पेशंटचं नाही, अनेकींचं मिळून आहे. मे महिना, नागपूर-चंद्रपूरकडचं ४५ अंशांचं ऊन. बाई सत्तरीच्या, मधुमेह आहे, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू, त्यातली एक लघवी वाढवणारी. घरात लग्न. दिवसभर धावपळ, पाणी पिणं नाही, कारण वारंवार बाथरूमला जावं लागतं. त्यात एकादशी आली, उपास धरला, पण गोळ्या चुकवायच्या नाहीत म्हणून त्या घेतल्याच. तीन दिवस शौचाला साफ झालेलं नाही. चौथ्या दिवशी पहाटे कुंथून कुंथून बसल्या आणि कळ आली.

यात एकही गोष्ट जगावेगळी नाही. पण बेरीज बघा. उन्हाने अंगातलं पाणी गेलं, लघवीच्या गोळीने आणखी गेलं, रक्तदाबाच्या गोळीने उरलासुरला दाब खाली आणला. शरीर अशा वेळी मेंदू आणि हृदयाला रक्त राखतं, आतड्याचं कमी करतं. आत साचलेल्या मळाने आतड्याची भिंत ताणलेली, त्यात कुंथण्याने पोटातला दाब वाढलेला. सत्तर वर्षं जुन्या, मधुमेहाने अरुंद झालेल्या बारीक वाहिन्या हे सगळं एकदम पेलू शकत नाहीत.

दुसरी कारणंही आहेत. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी जाणं. हृदय कमकुवत असणं. डायलिसिस चालू असताना दाब एकदम उतरणं. जंतुसंसर्ग रक्तात पसरून येणारा शॉक. पोटातल्या महाधमनीचं किंवा हृदयाच्या बायपासचं ऑपरेशन. महाधमनीच्या ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत जुलाबात रक्त दिसलं तर आम्ही आधी हीच शंका घेतो. कधी कधी मोठ्या आतड्यात खाली गाठ असते आणि तिच्या वरचा ताणलेला भाग रक्ताला मुकतो, तेही बघून घ्यावं लागतं.

आणि पुष्कळदा एकही कारण हाती लागत नाही. मग मी तसंच सांगतो. सुनेने जेवायला शिळं दिलं म्हणून, किंवा मुलाने वेळेवर गोळ्या आणल्या नाहीत म्हणून हे झालं, असा दोष कुणावर टाकू नका.

कोणत्या गोळ्यांवर संशय घ्यायचा?

लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्यांचं वर आलंच. त्यांच्याशिवाय ट्रामाडॉलसारखी, अफूच्या जातकुळीतली वेदनाशामकं. ती आतडं मंद करतात, मळ साचवतात. नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन. अर्धशिशीवरचं सुमाट्रिप्टान, जे वाहिन्या आकसवतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या. हृदयासाठीचं डिगॉक्सिन. तीव्र रेचकं.

ही यादी वाचून रात्रीतून गोळ्या बंद करू नका. कुठली थांबवायची, कुठली बदलायची आणि कुठली काहीही झालं तरी चालूच ठेवायची, हे ज्याने लिहून दिली आणि जो आता तपासतोय त्या दोघांनी मिळून ठरवायचं असतं. गावठी काढा, चूर्ण, ‘सांध्यांवरचं बिनसाइड इफेक्टचं औषध’ असलं काही चालू असेल तर तेही सांगा. मी रागावणार नाही.

तंबाखूचा काही संबंध?

आहे. निकोटीन वाहिन्या आकसवतं आणि वर्षानुवर्षं घेतल्यास त्यांच्या भिंती खराब करतं. विडी-सिगारेट सगळ्यांना आठवते. मी मुद्दाम मिश्रीबद्दल विचारतो, कारण ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला बाया खरेपणाने ‘नाही’ म्हणतात. दात घासायची मिश्री त्यांच्या लेखी तंबाखू नसतेच. दिवसातून चार वेळा दात घासले जातात, ते वेगळंच.

तरुणांना होतो का?

क्वचित होतो, आणि झाला की कारण कसून शोधावं लागतं. रक्त गोठण्याचे जन्मजात दोष, वाहिन्यांना सूज आणणारे आजार, गर्भनिरोधक गोळ्या आणि सिगारेट ही जोडी, कोकेनसारखे अमली पदार्थ. मॅरेथॉन धावणाऱ्यांतही दिसतो. तासन् तास पळताना रक्त पायांकडे वळतं, अंगातलं पाणी घामाने जातं, आणि शर्यत संपल्यावर पोटात मुरडा येऊन रक्त पडतं. बहुतेक जण विश्रांतीने आणि पाण्याने बरे होतात, तरी दाखवून घ्यावं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल असलेल्या तरुणाच्या पोटात जबर दुखलं, तर हा विचार मनात ठेवावा लागतो. विळ्यासारख्या झालेल्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. आतड्यात असं होणं दुर्मीळ आहे, पण होतं.

सीटी स्कॅन झाला, आता परत दुर्बीण कशाला?

दोन्हींचं काम वेगळं आहे. शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेल्या सीटीत आतड्याची जाड झालेली भिंत दिसते, किती लांबीचा भाग बाधित आहे ते कळतं, आणि भिंतीत हवा शिरली असेल तर आतडं मरू लागल्याची सूचना मिळते. उजवीच बाजू बाधित दिसली तर मुख्य वाहिनीचीही तपासणी करावी लागते. रंगद्रव्याआधी क्रिएटिनिन बघतात, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधीच सांगा.

पण आत अस्तर कसं दिसतंय आणि हा दुसराच कोणता कोलायटिस तर नाही, हे गुदद्वारातून आत घालायची दुर्बीणच सांगते. ती शक्यतो पहिल्या ४८ तासांत करतात, कारण नंतर खुणा पुसट होत जातात. बाधित भाग आणि चांगला भाग यांच्यातली सीमा अगदी रेघ ओढल्यासारखी दिसते. गुदाशय बहुधा सुटलेला असतो, कारण त्याला दोन्हीकडून रक्त मिळतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये नेमकं उलटं, तिथे सुरुवातच गुदाशयापासून होते. तपासायला तुकडा घेतात, तो घेताना दुखत नाही.

‘आधीच नाजूक झालेल्या आतड्याला दुर्बिणीने भोक तर पडणार नाही ना?’ ही भीती रास्त आहे. म्हणूनच हे काम हलक्या हाताने, कमी हवा भरून करतात, आणि आजाराचा भाग जास्तच खराब दिसला तर त्याच्या पुढे रेटत नाहीत. पोट कडक झालेलं असेल तर दुर्बीण करतच नाहीत.

रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी १५,००० च्या वर, हिमोग्लोबिन १२ च्या खाली, सोडियम उतरलेलं, युरिया चढलेला असेल, आणि पेशंट पुरुष असेल, तर आम्ही जास्त सावध होतो. यातलं एखादं असणं म्हणजे संकट नाही. तीन-चार एकत्र आले की पेशंट अतिदक्षता विभागात हवा.

नुसतं सलाईन लावून ठेवलंय. उपचार कधी सुरू करणार?

सलाईन हाच उपचार आहे. हे मी समजावून सांगायला कंटाळत नाही, कारण इथेच लोकांचा धीर सुटतो आणि पेशंट या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरू लागतो.

कालव्यात पाणी वाढवायचं आहे ना? मग शिरेतून पाणी आणि क्षार देऊन दाब वर आणायचा. आतड्याला काम पडू नये म्हणून तोंडाने बंद. वाहिन्या आकसवणारी औषधं काढून टाकायची. नाडी, दाब, लघवी तासातासाला मोजायची, पोटावर दिवसातून अनेकदा हात ठेवून बघायचं. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर प्रतिजैविकं, कारण सोलवटलेल्या भिंतीतून जंतू रक्तात शिरू शकतात. स्टिरॉइड नाही, ती आजार झाकून ठेवतात.

हे आतडं आपण होऊन सावरू शकतं, हे वैद्यकशास्त्रालाही फार जुनं माहीत नाही. अमेरिकेतले शल्यचिकित्सक स्कॉट बोली यांनी १९६३ मध्ये अशा उलटवता येणाऱ्या आजाराचं वर्णन केलं आणि १९६६ मध्ये ब्रिटनच्या एड्रियन मार्स्टन आणि सहकाऱ्यांनी त्याला ‘इस्केमिक कोलायटिस’ हे नाव देऊन तीन वाटा सांगितल्या : भरून येणारा, आतडं आकसवून अरुंद करणारा, आणि सडवणारा. आजही पेशंट कुठल्या वाटेने जातोय हे बघत बसणं हेच पहिल्या दोन दिवसांतलं आमचं मुख्य काम असतं. बाहेरून ते ‘काहीच करत नाहीत’ असं दिसतं.

ऑपरेशनची वेळ कधी येते?

भरती होणाऱ्यांपैकी साधारण पाचांत एकाला. आतडं मेलं, भोक पडलं, पोटात पू पसरला, किंवा सगळं करूनही प्रकृती खालावतच चालली, तर खराब भाग काढावाच लागतो. वयस्कर, आधीच थकलेल्या शरीरावर हे तातडीचं ऑपरेशन असतं आणि त्यात जिवाला खरोखर धोका असतो. हे मी नातेवाईकांपासून लपवत नाही. पण मेलेलं आतडं पोटात ठेवलं तर वाचण्याची आशाच उरत नाही.

बहुतेक वेळा तिथे लगेच जोड मारता येत नाही, म्हणून वरचं टोक पोटावर काढून पिशवी लावतात. काहींची पिशवी काही महिन्यांनी बंद करता येते, काहींची कायम राहते. पिशवी लावून माणसं शेतात जातात, लग्नाला जातात, नऊवारी नेसतात. ऑपरेशनपूर्वी वेळ असेल तर पिशवी लावलेल्या एखाद्या पेशंटशी गाठ घालून द्यायला डॉक्टरला सांगा. माझ्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

किती दिवसांत बरं वाटेल?

साध्या प्रकारात दुखणं दोन-तीन दिवसांत ओसरतं आणि आतडं एक-दोन आठवड्यांत भरून येतं. खोल जखमांना काही महिने लागतात. काहींत भरताना आतडं आकसतं. मग महिन्या-दोन महिन्यांनी पोट फुगणं, बारीक शौच होणं, मुरडा येणं सुरू होतं. तसं झालं तर परत या. बरं वाटलं तरी सांगितलेल्या तारखेची दुर्बीण चुकवू नका, भरून आलंय की नाही आणि आत गाठ वगैरे नाही ना, हे तिथेच कळतं.

हा कॅन्सर आहे का? कॅन्सर होईल का?

नाही, आणि यामुळे होत नाही.

घरी गेल्यावर खायला काय?

सुरुवातीला पातळ : मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, ताक, पेज. आठवडाभर मसालेदार, तळलेलं, कच्ची कोशिंबीर टाळा. नंतर हळूहळू नेहमीचं. भाकरी कायमची बंद वगैरे काही नाही, उलट बद्धकोष्ठता टाळायची तर ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, फळं हवीच. गरज पडली तर इसबगोल, पण ते भरपूर पाण्याबरोबर. कोरडं किंवा कमी पाण्यात घेतलं तर उलट मळ घट्ट होतो. संडासात पाच-दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. कुंथत बसू नका.

रक्तदाबाच्या गोळ्या परत सुरू करायच्या का? आणि रक्त पातळ करायची?

रक्तदाबाच्या गोळ्या बहुतेकांना लागतातच, पण मात्रा नव्याने ठरवून घ्या. घरी दाब मोजा आणि वहीत लिहा. आणि एक गोष्ट डॉक्टरकडून लिहूनच घ्या : जुलाब-उलट्या लागल्या, किंवा कडक उपास असला, तर त्या दिवशी कोणती गोळी थांबवायची. हे आधी ठरलेलं असलं की रात्री फोन करून विचारत बसावं लागत नाही.

रक्त पातळ करणारी औषधं या आजारात सर्रास देत नाहीत. हृदयाचे ठोके अनियमित असतील, हृदयात गुठळी सापडली किंवा रक्त गोठण्याचा दोष निघाला, तरच. हृदयासाठी ती आधीपासून चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका. ‘रक्त पडलं म्हणून बंद केली’ आणि आठवड्याने अर्धांगवायू, असं घडू शकतं.

परत होतो का?

पाच वर्षांत साधारण दहांपैकी एकाला. पहिल्या वेळचं कारण कायम राहिलं तर शक्यता वाढते.

खर्च झेपेल का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती होतानाच रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथे जा, डिस्चार्जच्या दिवशी नको.

डॉक्टर, पुढच्या आषाढीला वारीला जाऊ ना?

हा प्रश्न पेशंट स्वतः विचारतात, मुलं बाहेर गेल्यावर, हळू आवाजात. तेवीस वर्षं न चुकलेली वारी मी एका कागदावर ‘विश्रांती घ्या’ लिहून बंद करत नाही.

आतडं भरून आल्याचं दुर्बिणीत दिसलं असेल, हृदय चालण्यासारखं असेल, तर जा. पण आळंदीपासून सगळी वाट पायीच पुरी करायची हा हट्ट सोडा, दिवे घाट गाडीने चढलात तरी चालेल. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून घ्यायला सांगितलं असेल तर किती ते आधी विचारून घ्या. जलसंजीवनीची पाकिटं बरोबर ठेवा, एक पाकीट एक लिटर पाण्यात. लघवीच्या गोळीचं काय करायचं ते निघण्याआधी येऊन ठरवू. मुक्कामाच्या ठिकाणी संडासाची सोय बरी नसते म्हणून बायका मुद्दाम कमी खातात-पितात आणि शौच दाबून धरतात. तसं करू नका. पहाटे लवकर उठून जाऊन या, पण दाबून धरू नका.

पालखीच्या वाटेवर आरोग्य पथकं असतात. आजाराचं नाव, गोळ्या, मुलाचा नंबर एका कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि चंचीत ठेवा. आणि दिंडीत शेजारी चालणाऱ्या बाईला सांगून ठेवा की मला मागे असं झालं होतं, पोटात कळ येऊन रक्त पडलं तर मला पुढे चालू देऊ नकोस.